आत्याचं मत

माझी आत्या शहराच्या बसमध्ये कंडक्टर होती. निवृत्त होईपर्यंत तिने रोज शेकडो माणसांना जिथे जायचं तिथे पोचवलं आणि स्वतः मात्र डेपोतून घरी आली. तिने लग्न केलं नाही. का, असं कोणी विचारलं की म्हणायची, वेळच मिळाला नाही. आणि ते खरंच होतं. आजी लवकर गेली तेव्हा काका शाळेत होते आणि माझे बाबा अजून बोबडं बोलत होते. दोघांना तिने वाढवलं, शिकवलं, त्यांचे संसार उभे करून दिले. पुढे आजोबांना, म्हणजे तिच्या अण्णांना, अर्धांगवायूचा झटका आला आणि तेही तिच्याच वाट्याला आले. हे सगळं तू कर, असं तिला कोणी सांगितलं नाही. तसं सांगायची किंवा विचारायची गरजही कोणाला वाटली नाही, याचाच मला जास्त राग येतो.

परदेशी जायचं खूळ काकूने काढलं. मुलं दिवसभर मोबाईलमध्ये डोकं खुपसून बसतात, त्यांना कधी काही बघायला नको का, असं तिचं म्हणणं. नुसतं समुद्रकिनारी लोळायला जायचं नाही, संस्कृती बघायला जायचं, सगळ्या कुटुंबाने मिळून. हे सगळ्यांना पटलं. घोडं पेंड खाऊ लागलं ते कुठल्या देशात जायचं यावर.

काकांनी एक देश धरला आणि बाबांनी दुसरा. घरात त्या देशांना नावंच पडली. काकांचा तो चित्रांचा देश, कारण तिथे म्हणे राजवाड्यांएवढी संग्रहालयं आहेत आणि संध्याकाळी झुंबरांखाली बसून वाद्यवृंद ऐकता येतो. बाबांचा तो दगडांचा देश. बाबा इमारतींचे नकाशे काढतात, त्यामुळे पडका खांब दिसला की त्यांना भरून येतं. काका म्हणायचे, पडके दगड बघायला विमानात कशाला बसायला हवं, आपल्या इमारतीची मागची भिंत बघा. बाबा म्हणायचे, चित्रं पुस्तकात दिसतात आणि संगीत रेडिओवर ऐकू येतं. काकू काकांच्या बाजूने, आई बाबांच्या बाजूने. आम्हा मुलांना मत नव्हतं. दर रविवारी जेवणं झाली की आजोबांच्या घरी हा वाद पेटायचा आणि आत्या स्वयंपाकघरात भांडी घासत तो ऐकायची.

मग एका रविवारी काकांनाच सुचलं. दोघं इकडे, दोघं तिकडे, तेव्हा आता ताई सांगेल ते. बाबांनीही मान डोलावली. आत्या हात पुसत बाहेर आली, जरा लाजली, आणि म्हणाली की मला विचारताय तर मला नीट बघू द्या, उगीच तोंडाला येईल ते सांगणार नाही.

तिने ते किती मनावर घेतलं हे मी जवळून पाहिलं, कारण माझं कॉलेज तिच्या घराच्या मागेच होतं आणि दुपारी मी तिच्याकडे जेवायला जायचे. तिने वाचनालयातून दोन्ही देशांची जाडजाड पुस्तकं आणली. आजोबा पूर्वी छापखान्यात अक्षरं जुळवायचं काम करत, त्यामुळे पुस्तक हातात घेतलं की ते आधी कागद चाचपून बघत. त्यांना उशीला टेकवून ती मोठ्याने वाचायची. एकदा मी गेले तर ती नवे बूट घालून स्वयंपाक करत होती. बूट चावतात का ते आधीच कळलेलं बरं, असं म्हणाली. पासपोर्टसाठी तिने फोटोही काढून घेतला होता. तो मला दाखवून विचारलं, मी फार रागीट दिसते का. मी म्हटलं, नाही, फक्त सुट्टे नाहीत म्हणणाऱ्याकडे बघतेस तशी दिसतेस. ती हसली, पण फोटो बदलून आणला.

ठरल्या रविवारी सगळे जमले. आत्या मध्यभागी खुर्चीवर बसली आणि तिने आपलं मत सांगितलं. दगडांचा देश. चित्रांच्या देशात सगळं दारं लावून आत ठेवलेलं आहे, मुलं दोन दालनं बघून जांभया देतील. दगडांच्या देशात सगळं उघड्यावर आहे, चालता येतं, हात लावता येतो, आणि गावोगाव बस जाते. काकांचा चेहरा पडला, पण शब्द दिला होता म्हणून ते गप्प राहिले. बाबा खुशीत आले आणि लगेच कोण कुठे बसेल, खोल्या किती लागतील ते मोजायला लागले. काका, काकू, त्यांची दोन मुलं, आई, बाबा, मी.

"आणि मी?" आत्याने विचारलं.

बाबांनी आईकडे पाहिलं, आईने काकूकडे पाहिलं. शेवटी काका बोलले, आणि लहान मुलाची समजूत घालावी अशा आवाजात बोलले.

"ताई, अण्णांजवळ कोण राहणार मग?"

आत्या ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, सगळ्यांना ते सोपं गेलं असतं.

"म्हणजे तुम्ही कुठे जायचं ते मी ठरवायचं," ती म्हणाली, "आणि मी कुठे राहायचं ते तुम्ही. तेही मला न विचारता."

बाबा घाईघाईने म्हणाले की तसं नाही, आम्हाला वाटलं तुलाच आवडणार नाही, तुला कुठे सवय आहे प्रवासाची. तीस वर्षं बसमध्ये उभ्याने काढलेल्या बाईला माझे वडील हे म्हणाले!

काकांनी तोडगा काढला की तिलाही यायचंच असेल तर अण्णांना तेवढे दिवस एखाद्या शुश्रूषागृहात ठेवू, आता चांगली सोय असते. हे सगळं आजोबांच्या खोलीच्या उघड्या दारासमोर चाललं होतं. झटक्यानंतर आजोबांची जीभ जड झाली होती, त्यामुळे ते कमी बोलत. पण ऐकू त्यांना सगळं यायचं. आतून त्यांनी काठी जमिनीवर आपटली. आम्ही आत गेलो.

"मला," ते एकेक शब्द ओढत म्हणाले, "तीन मुलं आहेत."

आत्याने त्यांचं तोंड पुसलं, उशी सारखी केली आणि बाहेर येऊन सांगितलं की देश मी ठरवला, आता अण्णांजवळ दोघांपैकी कोण राहणार ते तुम्ही ठरवा. तोवर रविवारचं जेवण ज्याने त्याने आपापल्या घरी जेवावं.

पुढचे काही आठवडे आमच्या घरात काय काय ऐकावं लागलं! काकू फोनवर म्हणे, या वयात कसले एकेक हट्ट. काका म्हणे, ताईने घर फोडलं. गरज सरो वैद्य मरो म्हणतात ते काय वेगळं असतं? आणि मग एक दिवस कळलं की काकांनी आपल्या चौघांची चित्रांच्या देशाची तिकिटं परस्पर काढली. झुंबरांखालचे हसरे फोटो आम्हाला मोबाईलवर आले. आत्याने ते आजोबांना दाखवले. आजोबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

बाबांनाही सुटायचंच होतं. ऑफिसचं काम, पाठदुखी, अण्णांना माझ्या हातचं चालत नाही, सगळी कारणं सांगून झाली. त्या दिवशी माझी आई, जी इतके दिवस चकार शब्द बोलली नव्हती, कणीक मळता मळता शांतपणे म्हणाली, "तुम्ही राहा. आम्ही तिघी जातो." बाबा तिच्याकडे बघतच राहिले. मीही.

निघण्यापूर्वी आत्याने बाबांना सगळं शिकवलं. आजोबांना कुशीवर कसं वळवायचं, घास किती मऊ हवा, पाठीला जखम होऊ नये म्हणून काय करायचं, आणि बाबा नाक मुरडत होते ते शौचाचं भांडं कसं धरायचं. ती शिकवत होती आणि आजोबा त्यांच्याकडे बघून एका बाजूने हसत होते.

दगडांचा देश मी पुस्तकात वाचला होता तसाच होता, फक्त ऊन जास्त. आत्या सगळं बघत होती, पण तिचा राग काही घरी राहिला नव्हता, तो तिच्याबरोबर आला होता. तिथल्या एका संग्रहालयात जुन्या कबरींवरचे कोरीव दगड ठेवले होते. एका दगडावर एक बाई खुर्चीत बसली होती, आणि समोर दुसरी बाई पेटी धरून उभी होती. खुर्चीतल्या बाईचं नाव वर कोरलेलं होतं. वाटाड्याने तिचं नाव सांगितलं, तिच्या बापाचंही सांगितलं.

आत्याने मला विचारायला लावलं, उभी आहे तिचं नाव काय. वाटाड्या म्हणाला, ते लिहिलेलं नाही, दासी असावी.

"दासीच कशावरून?" आत्या मला म्हणाली. "बहीण असेल. विचार त्याला, बहीण कशावरून नाही."

मी विचारलं. तो नम्रपणे हसला आणि पुढच्या दगडाकडे वळला. आत्या वळली नाही. दोन हजारांहून जास्त वर्षं ती बाई पेटी धरून उभी आहे आणि एकाही शहाण्याला तिचं नाव लिहावंसं वाटलं नाही, असं ती पुटपुटत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आई तिचा हात धरून उभी राहिली. आमच्याबरोबरची प्रवाशांची टोळी पुढे निघून गेली. आम्ही त्यांना बऱ्याच वेळाने गाठलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही डोंगराच्या उतारावर कोरलेल्या एका जुन्या उघड्या नाट्यगृहात गेलो. खाली मधोमध उभं राहून बोललं की वरच्या शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू जातं, असं सांगितलं होतं. लोक तिथे टाळ्या वाजवत होते, गाणी म्हणत होते. आई आणि मी वर जाऊन बसलो. आत्याची पाळी आली. तिने इकडेतिकडे पाहिलं, पदर खोचला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "चला, पुढे सरका, मागे जागा द्या." वरच्या पायऱ्यांवरची कुठली कुठली माणसं, भाषा कळत नसूनही, खरोखर सरकली. आई पोट धरून हसली. आत्याही हसली, आणि त्या दिवशी जेवलीही भरपूर.

आम्ही परत आलो तेव्हा बाबांची दाढी वाढली होती आणि डोळे खोल गेले होते. ते आत्याला म्हणाले की मला वाटलं नव्हतं एवढं असेल. आत्या म्हणाली, वाटायला बघावं लागतं. माफी त्यांनी मागितली नाही, तिनेही मागायला लावली नाही. पण तेव्हापासून ते आठवड्यातले दोन दिवस ऑफिसातून थेट आजोबांकडे जातात. आजोबांना त्यांच्या हातचं चालत नाही हे खरंच होतं, आता चालतं.

काकांचं मात्र अजून आहे तसंच आहे. ते येतात, खुर्चीच्या कडेवर टेकतात, चहा पितात, जातात. आत्याने वाचनालयातून आता चित्रांच्या देशाचं पुस्तक पुन्हा आणलंय. पुढच्या वर्षी तिथे जायचं तिने ठरवलंय, आणि तेवढे दिवस अण्णांजवळ तू राहायचं, असं काकांना तोंडावर सांगितलंय. काका म्हणाले, बघू. ती आता दर रविवारी त्यांना फोन करून विचारते, बघितलंस का.