भिंतीला पाय लावून

कार्डिफमधल्या कुटुंबनियोजनाच्या क्लिनिकमध्ये मी डॉक्टर होते. 'उभ्याने केलं तर दिवस राहत नाहीत', 'पहिल्या खेपेला धोका नसतो', असलं काहीबाही ऐकून बायका यायच्या आणि मी एकेकीचा गैरसमज दूर करायचे. जरा तोऱ्यातच. मनात म्हणायचे, एवढ्या शिकलेल्या देशात हे असं कसं?

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आम्हाला मूल हवंसं वाटलं आणि मी गोळ्या थांबवल्या. पाच महिने काहीच नाही. पाच महिने म्हणजे फार नव्हेत, हे मी क्लिनिकमध्ये रोज कुणाला ना कुणाला सांगतच होते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिथल्या महाराष्ट्र मंडळातल्या एका काकूंनी मला किचनमध्ये ओढलं.

"अगं, तीन वर्षं पिल्स घेतल्यास ना? पिशवी वाळते त्यानं! आता ऐक. नंतर भिंतीला पाय लावून अर्धा तास पडून राहायचं. गॅरंटीड. माझी चार बघ."

चारही पोरं हॉलमध्ये तिळाचे लाडू खात होती. पुराव्यात खोट काढायला जागा नव्हती. मी हसले, वाण घेतलं आणि त्या आठवड्यापासून मुकाट्याने भिंतीला पाय लावू लागले. हसू नका. आपल्याला मूल होणारच नाही या भीतीने माझा जीव टांगणीला लागला होता. पुस्तकं सांगत होती, वाट पाहा. काकूंनी निदान काहीतरी करायला दिलं होतं.

नवरा सर्जन. पहिल्यांदा त्याने मला त्या अवस्थेत पाहिलं तेव्हा वाटलं, आता हा टर उडवणार. त्याने घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "अजून बारा मिनिटं."

"तुला कुणी सांगितलं?"

"काकांनी."

उन्हाळ्यात दिवस राहिले. मुलगी झाली. बारशाला काकूंनी सगळ्या बायकांत जाहीर केलं, भिंतीसकट. नुकतीच लग्न होऊन आलेली एक मुलगी तोंडावर हात ठेवून हसत होती. ती माझ्याकडे वळली. "ताई, तुम्ही तर डॉक्टर. खरंच असं असतं का हो?"

उत्तर अगदी जिभेवर होतं. पण पाळण्याची झालर काकूंनी स्वतः शिवली होती, सकाळपासून घुगऱ्या शिजवत त्या ओट्याशी उभ्या होत्या. मी म्हणाले, "काकूंचा अनुभव दांडगा आहे."

ती हसायची थांबली आणि तिने मान डोलावली.