सुमनकाकूंचा हरभरा आणि माझा लाल ठिपका

जेसीबी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा होता आणि त्याच्यासमोर सुमनकाकू. बार्शीटाकळीजवळचं हे शेत त्यांचं.

"कावून वं पोरी," त्या मला म्हणाल्या, "उभ्या हरभऱ्यात खड्डा कावून खोदून राहिले तुमी?"

उत्तर माझ्या लॅपटॉपवर होतं. एक लाल ठिपका.

समजावून सांगते. या शेताखालून कच्च्या तेलाची पाइपलाइन जाते. या तेलात मेण असतं. स्टेशनवर तेल गरम करून सोडतात; ते गरम असतं तोवर मेण विरघळलेलं राहतं. वाटेत तेल निवतं आणि हिवाळ्यात खोबरेलाची बाटली गोठते तसं मेण पाइपला आतून धरतं. पाइप अरुंद, प्रेशर वर. मग साफ करायला आतून एक बोळा ढकलायचा. त्याला पिग म्हणतात. थर फार जाड असला तर पिगच अडकतो! म्हणून थर कुठे जाड झालाय ते आधी गणिताने काढायचं, तिथे खणून पाइपला बाहेरून हीटर बांधायचा. हे गणित म्हणजे मॉडेल; थर जाड असेल तिथे ते लाल ठिपका दाखवतं. ते माझं काम.

"इथं नाही गार होत तुमचा पाइप," काकू म्हणाल्या. "त्याच्यावरचा हरभरा पाह्य. दरसाल बाकीच्याच्या आधी फुलते. नाल्यापल्याड गव्हाले मात्र काहीच फरक नाही."

मी पाहिलं. शेतातून जांभळ्या फुलांचा सरळ पट्टा गेला होता, पट्टीने आखल्यासारखा.

साने साहेबांना, म्हणजे माझ्या बॉसना, फोन लावून काकूंचं म्हणणं सांगितलं.

"काकूंनी तुला हरभऱ्याच्या झाडावर चढवलंय," ते म्हणाले. "मॉडेल काय सांगतं?"

"सर, मॉडेल मी सांगितलं तेच सांगतं."

"मग?"

"मीच चुकीचं सांगितलंय. दुपारपर्यंत जेसीबी थांबवा."

मातीच्या रकान्यात मी हँडबुकातला आकडा टाकला होता. सगळ्या लाइनीला एकच! काळी माती कोरडी पडली की भेगाळते, भेगांत हवा भरते, पाइपला गोधडी मिळते. काकूंचा हरभरा कोरडवाहू; पल्याडच्या गव्हाला पाणी देतात, आणि ती ओलिताची माती ऊब ओढून घेते. मी बडनेऱ्याची, काळ्या मातीतलीच. हे मला कुणी शिकवायला हवं होतं? कॉलेजात अमरावतीला मी पत्रकं वाटायचे: 'शेतकऱ्याला विचारल्याशिवाय शेतात पाऊल नको!' आणि हे पाऊल कोणाचं? माझं. वर सोबत जेसीबी.

आम्ही लांब दांड्याचा थर्मामीटर मातीत खुपसत निघालो. फुलांच्या पट्ट्यात ऊब होती. नाला ओलांडला, गहू लागला, काटा धाडकन खाली. कोरड्या-ओल्या मातीचे आकडे वेगळे भरले, मॉडेल पुन्हा चालवलं. लाल ठिपक्याने नाल्यावरून उडी मारली आणि गव्हाच्या कडेच्या पडीत पट्टीवर जाऊन बसला.

काकू जेसीबीवाल्याला म्हणाल्या, "जाय बाप्पा, तिकडं खोद. चहा पिऊन जाजो."

तिथे खणलं, हीटर बांधला, पिग सोडला. पुढच्या स्टेशनवर तो बाहेर आला तो काळ्या मेणाचा भलामोठा ढिगारा पुढे ढकलत. आम्ही टाळ्या वाजवल्या. चक्क मेणाला!

साने साहेबांनी रिपोर्टात लिहिलं: 'फील्ड ऑब्झर्व्हेशननुसार जागा बदलली.' मी हरकत घेतली. फील्ड सुमनकाकूंचं, ऑब्झर्व्हेशनही त्यांचंच. मग नाव लिहायला शाई संपली का?

नाव लिहिलं गेलं. आणि मॉडेलमध्ये आकडे भरण्याआधीच्या फॉर्मात आता एक नवा रकाना आहे: 'पाइपवरचं पीक कसं दिसतं?' तो ऑफिसात बसून भरता येत नाही.