ऐनाच्या फांद्या

भिकाजी शिगवण आखातात, शुवैखमधल्या एका वर्कशॉपात पेंटर होता. सत्त्याण्णव साली सबाह अल-सालेममधल्या एका बंगल्यात, बैठकीच्या खोलीत भिंतभर जंगल रंगवायचं काम त्याच्याकडे आलं. नमुन्याला परदेशी कॅलेंडर दिलं होतं. पण चार वर्षं गावी न गेलेल्या भिकाजीच्या हातून भिंतीवर उतरलं ते दापोलीकडचं त्याचं रान. महिनाभर तो एकटाच तिथे खपला. या देशात ओळखीचं म्हणावं असं त्याला भिंतीवरचं ते रान तेवढंच होतं.

बंगल्याचे मालक बघायला आले आणि हसत सुटले. कामगार कुणीही असो, ते त्याला रफीकच म्हणत. "रफीक, ये पेड बीमार है क्या? सब का हाथ कटा हुआ!"

भिकाजीने चमकून वर पाहिलं. भात पेरण्याआधी जमीन भाजायला गावात दरवर्षी ऐनाच्या फांद्या तोडतात. कोयता घेऊन तोच चढायचा. झाडं बोडकी आहेत हे त्याला कधी जाणवलंच नव्हतं.

"हमारे यहाँ ऐसा ही होता है, साब."

"मेरे घर में नहीं. पूरा करो."

दोन दिवस शिडीवर उभं राहून त्याने एकेका झाडाला भरगच्च फांद्या दिल्या. मालक खूश झाले.

"बहुत अच्छा! तुम्हारा गाँव है?"

"नहीं साब," भिकाजी म्हणाला आणि ब्रश धुवायला गेला.