मिल्टनमधले व्हिक्टरराव

सांगलीच्या फ्लॅटला कुलूप लावून आम्ही खाली उतरलो, गाडीत सामान चढलं, आणि बाबा पुन्हा जिना चढून कुलूप ओढून बघून आले. "आधी राहून बघतो," ते गाडीत बसताना म्हणाले. मी म्हटलं, "बघायचंय काय त्यात? आता कायमचं तिथंच राहायचं." आईला जाऊन वर्षही झालं नव्हतं आणि त्यांना एकटं ठेवायचं नाही हे माझं पक्कं होतं. विमानतळ येईपर्यंत बाबा खिडकीबाहेर बघत बसले.

कॅनडात, मिल्टनला आमच्या घरी आम्ही त्यांच्यासाठी बेसमेंट फिनिश करून घेतलं होतं. वेगळी वॉशरूम, आईचा देव्हारा, टीव्हीवर मराठी चॅनेल. पीआरसाठी, म्हणजे कायमच्या रहिवासासाठी, अप्लाय केलं, बऱ्याच खटपटीनंतर ते मिळालंही. तुम्ही सांगलीची मंडळी तिकडून फोनवर म्हणायचात, "बाबांनी नशीब काढलं हो!" मलाही तसंच वाटायचं.

मग कम्युनिटी सेंटरमध्ये त्यांना एक रशियन म्हातारा भेटला.

माझा स्वभाव मुळातच संशयी. दुधाच्या पिशवीवरची तारीखसुद्धा मी दोनदा वाचते. त्यामुळे बाबा जेव्हा कौतुकानं सांगायला लागले, की हे व्हिक्टरराव रशियात मोठे नट होते, तेव्हा माझे कान टवकारले. व्होल्गाकाठच्या कुठल्याशा गावातल्या सरकारी नाटक कंपनीत म्हणे त्यांची हयात गेली. राजे केले, भिकारी केले. सिनेमात मात्र कायम डॉक्टरच! ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर यायचं आणि नातेवाइकांकडे बघून मान हलवायची. पुढे कंपनीची रया गेली, बायको वारली आणि मुलीनं इकडे बोलावून घेतलं. टोरांटोत एका सिनेमात काम मिळालं ते गुंडाचं, एकही वाक्य नसलेलं. पहिल्याच मारामारीत ठार. इंग्रजी धड येत नाही म्हणून त्यानंतर कोणी विचारलं नाही.

"सिनेमाचं नाव काय?" मी विचारलं.

"ते त्यांना आठवत नाही."

झालं! स्वतःच्या सिनेमाचं नाव न आठवणारा नट. मी इंटरनेटवर शोधलं, त्या नावाचा कोणी सापडेना. नितीन, माझा नवरा, म्हणाला, "अगं, रशियन लिपीत शोधायला नको का? आणि बाबांना एक मित्र मिळाला तर तुझं काय जातंय?" माझं काय जात होतं ते मलाच माहीत. एकट्या म्हाताऱ्यांना हेरून गोड बोलणारी माणसं इथं कमी नाहीत.

एकदा मीच त्याला चहाला बोलावलं, जवळून बघावं म्हणून. उंच, वाकलेला, जुनाच पण इस्त्रीचा कोट. त्यानं आमचं सगळं घर न्याहाळलं. मी मध्येच ऑफिसचा कॉल घेतला, तर माझ्याकडे टक लावून बघत बसला. चोरटं बघणं नव्हतं ते, सरळ बघत होता. मला मुळीच आवडलं नाही.

त्यानंतर बाबा बदलले. जेवताना काही बोलायला तोंड उघडायचे आणि "मीठ दे" म्हणायचे. खाली बेसमेंटमध्ये एकटेच पुटपुटायचे. आणि एका शनिवारी, ते बाहेर पडल्यावर, मी काही कागद शोधायला कपाट उघडलं तर बाबांचा पासपोर्ट जागेवर नाही. ड्राइव्हवेवरचा बर्फ अर्धवटच काढलेला, तशीच गाडी काढली आणि सेंटर गाठलं.

मागच्या एका खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत दोघंच. बाबा उभे, दोन्ही हातांत पासपोर्ट घट्ट धरलेला. समोर खुर्चीवर तो रशियन, एका हातात मोबाइल. त्यानं खांदे किंचित आवळले, कपाळावर नसलेली बट कानामागे सारली आणि मोबाइलवरची नजर न काढता पाठ केलेल्या मराठीत म्हणाला, "हो बाबा, बोला ना, ऐकतेय."

ती मी होते. हुबेहूब मी.

"शुभा," बाबा मराठीत म्हणाले, "मला सांगलीला जायचंय. कायमचं."

"नो!" त्यानं मोबाइल खाली ठेवला. "यू टॉक टू शूज. अगेन. पासपोर्ट होल्ड, हँड नॉट शेक. शी लुक नॉट? यू वेट. शी लुक, देन टॉक."

बाबांनी पुन्हा सुरुवात केली. तो पुन्हा शुभा झाला, बट सारली, "हो बाबा" म्हणाला, आणि माझ्या बापानं वाट बघितली. मी दारातून मागे फिरले. माझा सगळा संशय संपला होता. व्हिक्टरराव खरोखरचे नट होते, आणि मोठे होते. गाडीत बसून मी खूप रडले.

संध्याकाळी बाबा किचनमध्ये आले, पासपोर्ट हातात घेऊन. मी त्यांच्याकडेच बघत होते, त्यामुळे बिचारे थोडे गडबडले. तरी बोलले, एका दमात. मी म्हटलं, "बाबा, हे तुमचं घर नाही का?"

या प्रश्नाची तयारी त्यांनी केली नव्हती. ते म्हणाले, "तुझं आहे ना. छान आहे."

बाबांना सांगलीला जाऊन आता वर्ष होईल. माझ्यासारखे इकडे आलेले, आईवडिलांना आणू बघणारे मला विचारतात, बेसमेंट कसं करून घेतलंस? मी सगळं सांगते, आणि मग म्हणते, आधी त्यांना विचारा. विचारताना त्यांच्या तोंडाकडे बघा. घर म्हणजे काय, हे मला कळलंय ते एवढंच, की तिथून निघायचंय हे सांगायला माणसाला तालीम करावी लागत नाही. आमचं मिल्टनचं घर तसं नव्हतं.