सोळाशे वर्षांचा संशय

"शंकेखोरा, सरळ माणूस दिसला की तुला झोप येत नाही. पण त्या पोरीवर आळ घेतलास, ते मला मुळीच पटलेलं नाही. तोंडावर बोलले तर तू वाद घालशील, म्हणून लिहून ठेवतेय."

चिठ्ठी ताईंनी धाकट्या भावाच्या चष्म्याखाली ठेवली.

भाऊ तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक. सोळाशे वर्षांपूर्वीच्या एका ख्रिस्ती बिशपाच्या विचारांचा ठसा आजवर कुठेकुठे उमटला, हे शोधण्यात त्याचा जन्म गेला. माणूस स्वतःपासूनही लपवाछपवी करतो, चांगुलपणातही गर्व दडून बसतो, ही बिशपाची शिकवण त्याच्या अंगात इतकी मुरली, की शेजारीण उसनी साखर परत द्यायला आली तरी हा पुटपुटे, "हिचा बेत काय असेल?"

परीक्षक म्हणून त्याच्याकडे एका मुलीचा प्रबंध आला. त्यात याच्या अजून न छापलेल्या पुस्तकातला मुद्दा, जवळजवळ याच्याच शब्दांत! झालं. 'चोरी' असा शेरा मारून यानं तिची पदवी अडवली. हस्तलिखिताच्या कपाटाची किल्ली ताईंकडे असे, म्हणून दोन दिवस त्यांच्याकडेही तिरकं पाहिलं.

चिठ्ठी वाचून त्यानं घडी करून खिशात घातली. संध्याकाळी मुलगीच घरी आली. रडली-बिडली नाही.

"सर, मुद्दा माझा नाही, तुमचाही नाही. बिशपाचा आहे. तळटीपही दिलीय मी." तिनं जुनं भाषांतर उघडून पुढे सरकवलं.

मुद्दा तिथे होता. वर्षानुवर्षं घोकून भावाला तो स्वतःचाच वाटायला लागला होता.

ती गेल्यावर ताई कडाडल्या, "जगभर ठसा शोधत हिंडलास, स्वतःवरचा दिसला नाही? उद्या शेरा मागे घे. मग तिच्या घरी जाऊन माफी माग. मी येते बरोबर."

"जाऊ. पण ताई, मी जाणार ते पश्चात्तापानं, की लोकांनी मोठ्या मनाचा म्हणावं म्हणून?"

"चुलीत घाल तुझं मन! पदवीवाचून पोरीची नोकरी अडलीय."

शेरा त्यानं मागे घेतला, तोही ताई डोक्यावर बसल्या म्हणून. पदवी मिळाली, नोकरी तोवर दुसऱ्याला गेली होती.

माफीचं तेवढं राहिलं. रविवार आला की ताई चपला घालून दारात, आणि हा खुर्चीत हेतू तपासत.

"अजून खात्री नाही गं."

त्याला दवाखान्यात नेलं, तेव्हाही नव्हती. तिथून तो परतला नाही. आणि त्याच्या वतीनं माफी मागायला एकटीनं जायला ताईही निघाल्या नाहीत; आता खात्री त्यांनाही नव्हती.