तळ्याच्या मधोमध

पेट्रोलमध्ये तेल मिसळून जाळलं की जो गोडसर, घशाला किंचित खवखवणारा वास येतो, त्या वासाला माझ्या मनात अजून पुण्यातल्या सकाळचं कोवळं ऊन चिकटलेलं आहे. बाबा स्कूटर एका अंगावर तिरकी करायचे, क्षणभर थांबायचे आणि मग किक मारायचे, की बोळभर तो वास पसरायचा. त्यानंतर कित्येक वर्षांनी मिशिगनमध्ये, ट्रॉयजवळच्या आमच्या गॅरेजात, उणे बारा अंशांच्या थंडीत तोच वास पुन्हा भेटला. बाबा जाऊन तोवर सहा वर्षं झाली होती.

वास होता एका म्हाताऱ्या स्नोमोबाइलचा. बर्फावरची स्कूटरच म्हणा. पुढे चाकांऐवजी दोन घसरपट्ट्या, मागे रणगाड्यासारखा रबरी पट्टा. फ्लोरिडाला कायमचा निघालेला शेजारी ती आमच्याकडे सोडून गेला होता. २००३च्या त्या सप्टेंबरात ती व्यवस्थित सुरू होत होती. त्याच सुमारास आई सहा महिन्यांसाठी आली, आणि दसऱ्याला तिने गाडीबरोबर हिचीही यथासांग पूजा केली. मधुराने, माझ्या बायकोने, कुंडीत वाढवलेल्या झेंडूचा हार, कापसाचं वस्त्र, कुंकवात भिजलेल्या मूठभर अक्षता. वाहनाचा हार आपसूक गळू द्यायचा, आवरायची घाई करायची नाही, अशी तिची शिस्त. मीही आनंदाने ती पाळली, कारण आळसाला शास्त्राधार मिळाला की मी फार धार्मिक होतो.

सहा महिन्यांत आईने काही मागितलं नाही. दाखवाल ते पाहीन, वाढाल ते खाईन. जानेवारीत मात्र घरामागचं तळं गोठलं, आणि निळसर सायीसारख्या त्या विस्ताराकडे ती तासन्‌तास खिडकीतून पाहू लागली. फेब्रुवारीअखेरच्या एका दुपारी म्हणाली, "मला तिथे मधोमध जाऊन उभं राहायचंय रे. पाण्यावर." गुडघ्यांमुळे तिला अंगणातली चार पावलंही जड जात. मधुराने बर्फावरून ओढायची बिनचाकी घसरगाडी सुचवली, "आई, स्लेडवर बसा ना. आम्ही दोघं पुल करतो, एकदम सेफ आहे." तीस वर्षं शाळेत शिकवलेली, कुणाचा हातही न धरणारी आई ताठ झाली. "मी काय ज्वारीचं पोतं आहे, ओढत न्यायला?"

म्हणजे उरली स्नोमोबाइल. आणि ती अर्धा मिनिट धडधडून, गुदमरल्यासारखी खोकून बंद पडू लागली.

मी चरितार्थासाठी इंजिनं घडवतो. संगणकावर. त्यांत हवा कशी शिरते, कुठे घोटाळते, याची रंगीत चित्रं काढण्यात माझे दिवस जातात. त्यामुळे मोठ्या आत्मविश्वासाने मी बाह्या सरसावल्या. जुनं पेट्रोल काढून ताजं भरलं. दोन्ही प्लग काढले, तर काळे आणि ओलेचिंब. पुसून, घासून, दिवा मालवून पाहिलं. अंधारात टपोरी निळी ठिणगी उडाली आणि लहानपणीइतकाच मी हरखलो. तरी ती सुरू राहीना. कार्ब्युरेटर उघडून सुईएवढी भोकं फुंकून साफ केली. दोन शनिवार-रविवार असे गेले. पुढच्या सोमवारी आईचं विमान होतं, त्याच्या आदल्या दिवसापासून ऊबदार वारे येणार होते, आणि तिच्याकडून पुन्हा एवढा प्रवास व्हायचा नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

शेवटच्या शनिवारी आई शाल पांघरून गॅरेजात खुर्ची टाकून बसली. मी इंजिन सुरू करायची दोरी ओढली. इंजिन खोकलं, दाट धूर ओकून निमालं. आई धुराकडे पाहत म्हणाली, "चुलीत लाकडं कोंबली की असाच धूर होतो. हिला वारा कुठून मिळतो, ते बघितलंस का?"

नव्हतं बघितलं. दिवसाचे आठ तास हवेचाच विचार करणाऱ्या माणसाने हवेचीच वाट तपासली नव्हती. मान खाली घालून मी हवेच्या डब्याचं झाकण काढलं, आणि तसाच थांबलो.

आत आमचा दसरा होता. वाळून गडद केशरी झालेल्या झेंडूच्या पाकळ्या, कापसाचं वस्त्र पिंजून केलेली मऊ गादी, कडेला लालसर अक्षतांची रास. आणि मधल्या खळग्यात उंदराची पाच पिल्लं, शेंगदाण्याएवढी, गुलाबी, डोळे न उघडलेली. त्यांची कातडी इतकी पातळ, की पोटातल्या दुधाचा पांढरा ठिपका बाहेरून दिसत होता. त्यांची आई कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. मिशा थरथरत होत्या, पण ती पळाली नाही. आपल्या चार भिंतींच्या आत, आपल्याच फुलांतून कुणी असं राजवैभव उभारलं आणि आपल्याला पत्ताही नाही, या विस्मयाने मी झाकण हातात धरून पाहत राहिलो.

"बुटांच्या खोक्यात ठेवतो," मी म्हणालो. "दहा मिनिटांत सुरू होईल."

आईने चष्मा पुसून पुन्हा आत पाहिलं. "बाळंतिणीला कुणी घराबाहेर काढतं का? लाव ते झाकण."

"आई, परवा तुझं विमान आहे."

"माहीत आहे." मग शाल आवळत म्हणाली, "ती तुमची स्लेड काढ."

दोर माझ्या खांद्यावर, मधुरा मागून ढकलत, आणि आई मांडीवर हात ठेवून समोर बघत बसलेली, असे आम्ही निघालो. मधोमध पोचल्यावर ती माझ्या आधाराने उभी राहिली, आणि मग तिने माझा खांदा सोडला. चहूकडे नितळ, थंड उजेड. तेवढ्यात पायांखालून एक खोल, घुमणारा स्वर उमटला आणि या काठापासून त्या काठापर्यंत निघून गेला. बर्फ ताणलं गेलं की असा आवाज येतो, ते मला माहीत होतं. पण सांगावंसं वाटलं नाही. आईने हात जोडले होते. इंजिन सुरू असतं, तर तो आवाज आम्हाला ऐकूच आला नसता.

परतताना ती न सांगता स्लेडवर बसली. दोर ओढताना मला जाणवलं, तिचं वजन जवळजवळ नाहीच. बर्फावर सगळंच हलकं होतं, असं मी काठ येईपर्यंत स्वतःला समजावत राहिलो.