गोराईचा शेजारी

अंधेरीच्या ऑफिसात तो माझ्या बाजूच्या टेबलावर बसायचा. कुठल्या वस्तीला कुठल्या वस्त्या लागून आहेत याचा तो तक्ता करायचा. प्रत्येक वस्तीचं वजन म्हणून एक हा आकडा धरायचा आणि तो तिच्या शेजाऱ्यांत सारखा वाटून द्यायचा. चार शेजारी असले तर प्रत्येकाला पाव. आकडे भरताना तो पुटपुटायचा, "घाटकोपर, किती शेजारी यार तुझे! कोणाकोणाला पुरशील?"

नवे दवाखाने कुठे हवेत, ते या तक्त्यावरून ठरणार होतं. आमच्या नकाशात गोराईभोवती नुसतं पाणी, म्हणून तिच्या ओळीत सगळी शून्यं आली. साहेब म्हणाले, "काढून टाक रे ती. आजच पाठवायचंय."

"मग दवाखान्यांच्या यादीतूनपण गेली ना ती, सर." तो माझ्याकडे वळला. "तू सांग गं, तिथल्या बाईला कळा आल्या तर ती कुठे येते?"

"बोटीने बोरिवलीला."

"झालं मग!" गोराईच्या ओळीत त्याने बोरिवलीला पूर्ण एक देऊन टाकला. साहेब म्हणाले, "पाठव."

पुढे त्याने नोकरी सोडली. गोराईत दवाखाना सुरू झाल्याचं मी त्याला कळवलं, तेव्हा लगेच उत्तर आलं, "झकास! आता बोरिवलीची बाईपण बोटीने तिकडे जाईल. बोरिवलीच्या ओळीतपण गोराई टाक."